ख्रिस्ती विश्वदृष्टी आणि विद्यापीठातला एक गट: पहिलं सत्र का फसलं, दुसऱ्यात काय बदललं

हे कुठल्याही एका गटाचं इतिवृत्त नाही. विद्यापीठांतल्या विद्यार्थी-सेवेत पुन्हा पुन्हा दिसणाऱ्या गोष्टी एका गटात आणून हे प्रकरण अभ्यासासाठी रचलं आहे. गटातली माणसं आणि आकडे त्यापुरतेच. इतिहासातले आणि संशोधनातले संदर्भ मात्र खरे आहेत.

गट १४ जणांचा. पाच अभियांत्रिकीचे, तीन जीवशास्त्राचे, दोन वाणिज्यचे, दोघी मानसशास्त्राच्या, एक कायद्याचा आणि एक साहित्याची. सगळे पदवीच्या दुसऱ्या-तिसऱ्या वर्षाला. बारा जण ख्रिस्ती घरांत वाढलेले, शब्बाथ शाळेची वचनं तोंडपाठ असलेले. दोघं विद्यापीठात आल्यावर विश्वासात आलेले. ख्रिस्ती विश्वदृष्टी, म्हणजे सगळ्या जगाकडे विश्वासाच्या नजरेतून पाहण्याची रीत, घडावी म्हणून गट दर शनिवारी ९० मिनिटं बसायचा. चालवणारे दोघं: अभियांत्रिकीचे एक प्राध्यापक आणि त्यांना सहायक म्हणून पदव्युत्तर वर्गातली एक विद्यार्थिनी. जवळच्या मंडळीचे पाळक महिन्यातून एकदा येत.

पहिल्या सत्रात दहा बैठका आणि दहा विषय होते. देवाचं अस्तित्व, पवित्र शास्त्राची विश्वसनीयता, येशूचं पुनरुत्थान, उत्क्रांती, दुःखाचा प्रश्न, इतर धर्म, लैंगिकता, पैसा, राजकारण आणि शेवटी साक्ष कशी द्यावी. दर बैठकीत ५० मिनिटं भाषण, ३० मिनिटं प्रश्नोत्तरं, १० मिनिटं प्रार्थना आणि घरी नेण्यासाठी दोन पानी टिपण. तयारी मनापासून होती, टिपणंही चांगली होती. तिसऱ्या बैठकीपर्यंत सगळे हजर. सातव्या बैठकीला नऊ आले, दहाव्याला सहा.

प्राध्यापकांचा पहिला निष्कर्ष असा की मुलांना जगाचा मोह पडला. तो चुकला होता. गळालेल्या आठांपैकी सहा जण रविवारच्या उपासनेला नियमित येत होते, दोघं तर गायकवृंदात होते. मंडळी त्यांनी सोडली नव्हती, सोडला होता फक्त शनिवारचा गट, कारण तो त्यांच्या काही कामाचा नव्हता. ऐकायला हे टोचतं. पण विश्वास डळमळला असं मानून चाललं की उपाय म्हणून आणखी भाषणं सुचतात, आणि इथे रोग भाषणांचाच होता.

वहीतलं एक पान

खरं काय बिनसलं ते एका वहीत दिसलं. मानसशास्त्राच्या दोघींपैकी एकीने पानाच्या मधोमध उभी रेघ मारली होती. डावीकडे लिहिलं होतं ‘शनिवार’, उजवीकडे ‘वर्ग’.

डावीकडे: ‘माणसाला आत्मा आहे, शरीर हे घर. उत्पत्ति २:७.’ उजवीकडे: ‘फिनिअस गेज, १८४८. सुरुंगाची सळई गालातून शिरून कवटीच्या माथ्यातून बाहेर, जगला, स्वभाव बदलला. मित्र म्हणाले, हा आता गेज राहिला नाही. लिबेट, १९८३: निर्णयाआधी मेंदू सुरू.’ आणि खाली, दोन्ही रकान्यांना मिळून एकच ओळ: ‘हे कुणाला विचारायचं?’

दहा बैठका झाल्या, पण ही ओळ एकाही बैठकीत आली नाही. ‘उत्क्रांती’ आली, ‘दुःख’ आलं. तिचा प्रश्न या दोन्ही शीर्षकांखाली मोडत नव्हता.

त्याहून मोठी अडचण अशी की डावा रकानाही पक्का नव्हता. उत्पत्ति २:७ मध्ये देव मातीच्या माणसाच्या नाकपुड्यांत श्वास फुंकतो आणि माणूस ‘जीवधारी प्राणी’ होतो. मूळ हिब्रूत ‘नेफेश हय्या’ आहे, आणि हेच शब्द पहिल्या अध्यायात जलचरांसाठी आणि पशूंसाठी वापरले आहेत. आत्मा नावाची वस्तू शरीर नावाच्या घरात आणून ठेवली, असं ते वचन म्हणत नाही. तसं म्हणणारी परंपरा प्लेटोकडून येते आणि १६४१ च्या ‘चिंतनां’मध्ये फ्रेंच तत्त्वज्ञ देकार्तने तिला नवं रूप दिलं. तेराव्या शतकात ईशज्ञानी थॉमस अक्विनासने आत्म्याला शरीराचं ‘रूप’ म्हटलं, म्हणजे शरीर जिवंत आणि माणसाचं ज्यामुळे असतं ते. मंडळी प्रेषितांच्या मतांगीकारात जे कबूल करते तेही शरीराचं पुनरुत्थान. तेव्हा गेजच्या डोक्यातून गेलेली सळई लागते ती देकार्तला. ख्रिस्ती शिकवणीला ती लागतच नाही असं नव्हे, पण लागते ती दुसऱ्या जागी आणि वेगळ्या प्रकारे.

हे त्या मुलीला कुणी सांगितलं नव्हतं. सांगणार कसं? गट चालवणाऱ्यांनी तिचं पाठ्यपुस्तक कधी उघडून पाहिलंच नव्हतं.

निदान

‘विश्वदृष्टी’ या शब्दातच एक कल आहे. त्याचा जर्मन मूळ शब्द, वेल्टआनशाउंग, कांटच्या १७९० च्या ग्रंथात येतो. स्कॉटिश ईशज्ञानी जेम्स ऑर यांची या विषयावरची व्याख्यानं १८९३ मध्ये पुस्तकरूपात आली, आणि १८९८ मध्ये अब्राहम काइपर यांनी प्रिन्स्टनच्या व्याख्यानांत ख्रिस्ती विश्वास ही जीवनाची समग्र दृष्टी आहे अशी मांडणी केली. काइपर नुसते विचारवंत नव्हते. त्यांनी १८८० मध्ये अॅमस्टरडॅमला विद्यापीठ काढलं होतं आणि पुढे १९०१ ते १९०५ ते नेदरलँड्सचे पंतप्रधान होते. म्हणून त्यांच्या तोंडी या शब्दात शाळा, वर्तमानपत्र, कामगार, कायदा असं सगळं येत होतं. पुढे तो शब्द शिबिरांतून आणि टिपणांतून फिरला, झिजला आणि त्यातून उरली बरोबर मतांची यादी. अलीकडे ख्रिस्ती तत्त्वज्ञ जेम्स के. ए. स्मिथ यांनी याच यादीवर बोट ठेवलं आहे: माणूस आधी प्रेम करतो, सवयी लावून घेतो, आणि विचार पुष्कळदा त्यांच्या मागून येतात. स्मिथ यांचं म्हणणं मला बरंचसं पटतं, सगळं नाही. आठवड्यातले तीस तास ज्यांना विचार करायलाच शिकवलं जातं, त्यांना नुसत्या सवयींवर ठेवून भागत नाही.

या गटात तीन चुका एकमेकींत गुंतल्या होत्या. उत्तरं प्रश्नांच्या आधी आली. प्रश्न आले तेही दहा वर्षांपूर्वीचे, दुसऱ्याच कुणाच्या विद्यापीठातले. आणि अभियांत्रिकीचे प्राध्यापक जीवशास्त्रावर अधिकाराने बोलले.

तिसरी चूक सगळ्यांत महागात पडली. उत्क्रांतीच्या बैठकीत त्यांनी जीवाश्मांबद्दल एक विधान केलं. जीवशास्त्राच्या तिघांना ते चूक आहे हे तिथल्या तिथे कळलं. एकही बोलला नाही, आणि पुढच्या शनिवारी तिघंही आले नाहीत. आद्य मंडळीतला ईशज्ञानी ऑगस्टीन याने उत्पत्तीवरच्या आपल्या भाष्यात नेमका हाच इशारा दिला आहे: आकाश, ग्रह, प्राणी यांविषयी अविश्वासी माणसालाही खात्रीचं ज्ञान असतं, ख्रिस्ती माणूस पवित्र शास्त्राचा हवाला देऊन त्याबद्दल निरर्थक बोलला, तर ऐकणारा पुनरुत्थानाबद्दल त्याच्यावर विश्वास का ठेवील? हे लिहून सोळाशे वर्षं उलटली, तरी दर सत्राला नव्याने वाचून दाखवावं लागतं.

उलट बाजूची घाईही टाळायला हवी. विज्ञान आणि धर्म यांचं कायमचं युद्ध, ही कथा मुख्यतः जॉन विल्यम ड्रेपर (१८७४) आणि अँड्र्यू डिक्सन व्हाइट (१८९६) यांच्या ग्रंथांनी रुजवली, आणि विज्ञानाचे आजचे इतिहासकार ती तशी सरळसोट मानत नाहीत. हे मुलांना सांगावं. पण त्याला जोडून आनुवंशिकतेचे नियम शोधणारा मेंडेल संन्यासी होता, विश्वशास्त्रज्ञ लमेत्र धर्मगुरू होता अशी नामावळी वाचू नये. लमेत्रने १९२७ मध्ये विस्तारणाऱ्या विश्वाचं गणित मांडलं ते गणित म्हणून, त्याच्या पाळकी झग्याने समीकरणात कुठलीही संज्ञा वाढत नाही. नामावळीने धीर येतो, दृष्टी तयार होत नाही.

दुसऱ्या सत्राची रचना

बैठका दहाच, वेळ तीच, भाषण रद्द. पहिली १० मिनिटं एक स्तोत्र मोठ्याने वाचायचं आणि प्रार्थना. पुढची २० मिनिटं शास्त्रभाग, म्हणजे पवित्र शास्त्रातला एक उतारा. मग ४० मिनिटं एका विद्यार्थ्याच्या पाठ्यपुस्तकातलं एक पान. शेवटची २० मिनिटं प्रत्येकाने स्वतःच्या वहीत लिहायचं, कुणी बोलायचं नाही.

पान ज्याचं त्याने निवडायचं. अट एवढीच की ते त्या सत्राच्या अभ्यासक्रमातलं असावं आणि एका पानाहून मोठं नसावं. बुधवारपर्यंत त्याची छायाप्रत सगळ्यांकडे जायची. पहिल्यांदा एकाने सात पानं वाटली. ४० मिनिटांत दीड पान झालं आणि चर्चा विस्कटली. तेव्हापासून एक पान म्हणजे एक पान.

पान वाचताना तीन रंगांच्या पेन्सिली. मोजलेलं किंवा पाहिलेलं त्याखाली निळी रेघ. त्यावरून काढलेला निष्कर्ष हिरव्या रेघेने. आधीपासून गृहीत धरलेलं लालने. यातला लाल रंग सगळ्यांत अवघड. पहिल्या दोन बैठकांत मुलांनी न पटणाऱ्या प्रत्येक वाक्याखाली लाल ओढला. न पटणं आणि गृहीतक असणं या वेगळ्या गोष्टी आहेत. तो फरक हाताला बसायला तीन आठवडे लागले आणि ते तीन आठवडे वाया गेले असं म्हणता येणार नाही.

रेघा झाल्या की चार प्रश्न. हे पान काय म्हणतं, ते असं सांगा की त्या विषयाचे शिक्षक मान डोलावतील. ते माणसाबद्दल किंवा जगाबद्दल काय धरून चालतं? सृष्टी, पतन, उद्धार आणि नवी सृष्टी या शास्त्राच्या कथेशी ते कुठे जुळतं, कुठे खटकतं? आणि सोमवारी वर्गात, प्रयोगशाळेत, उत्तरपत्रिकेत यामुळे माझं काय बदलेल?

पहिला प्रश्न ओलांडल्याशिवाय तिसऱ्यावर जायला बंदी होती. या बंदीचा आधार म्हणून दुसऱ्या बैठकीत दानीएलाचा पहिला अध्याय घेतला. दानीएल आणि त्याचे सोबती तीन वर्षं खास्द्यांची विद्या आणि भाषा शिकतात. राजाचं अन्न ते नाकारतात, अभ्यासक्रम नाकारत नाहीत, आणि परीक्षेत दहापट सरस ठरतात. चौथ्या बैठकीला प्रेषितांची कृत्ये १७: अथेन्समध्ये पौल ग्रीक कवीची ओळ उद्धृत करतो. ती अरातसच्या काव्यातली आहे, आणि पौलाने ती बरोबर उद्धृत केली आहे. गटाने पुढे बराच काळ हेच मोजमाप वापरलं: अरातसला आपण बरोबर उद्धृत करतोय का?

आणखी एक नियम लगेच करावा लागला. प्राध्यापकांच्या हातात ज्यांचे गुण असतात, असे विद्यार्थी गटात नकोत. अभियांत्रिकीच्या पाचांपैकी दोघं त्यांच्याच वर्गात होते. त्या दोघांना त्या सत्रापुरतं दुसऱ्या गटाशी जोडून दिलं. दोघं नाराज झाले, पण ज्याच्याकडून गुण मिळायचे त्याच्यासमोर कुणी मनापासून शंका काढत नाही. विद्यापीठाच्या दृष्टीनेही श्रद्धेचा गट आणि मूल्यमापन एका हातात असणं गैरच.

लिबेटचं पान

पाचव्या बैठकीला मानसशास्त्राच्या त्या विद्यार्थिनीची पाळी होती. तिने लिबेटचा प्रयोग आणला. पानावरचं शेवटचं वाक्य असं होतं: मुक्त इच्छा हा भ्रम आहे.

आधी निळ्या रेघा. बसलेल्या माणसाच्या डोक्याला विद्युताग्रं लावलेली. समोर घड्याळासारख्या पडद्यावर एक ठिपका फिरतो, २.५६ सेकंदांत एक फेरी. माणसाने मनात येईल तेव्हा मनगट हलवायचं आणि ‘आता हलवावं’ असं वाटलं त्या क्षणी ठिपका कुठे होता ते सांगायचं. आधी न ठरवता केलेल्या हालचालींत मेंदूतला तयारीचा विद्युतबदल हालचालीच्या सुमारे ५५० मिलिसेकंद आधी सुरू झालेला दिसला. इच्छेची जाणीव सुमारे २०० मिलिसेकंद आधी.

अभियांत्रिकीच्या एकाने लगेच विचारलं, “५५० आपण यंत्राने मोजतोय आणि २०० माणसाच्या सांगण्यावरून घेतोय. दोन्हींची चूक सारखीच धरायची का?” प्रश्न चोख होता, आणि तो विचारायला ख्रिस्ती असावं लागत नाही. गटाला हेही कळणं गरजेचं होतं. २०१२ मध्ये शुर्गर आणि सहकाऱ्यांनी दाखवलं की हा तयारीचा चढ म्हणजे मेंदूतल्या आपोआपच्या चढउतारांची सरासरी घेतल्यामुळे दिसणारा आकारही असू शकतो. म्हणजे हिरवी रेघही तितकीशी पक्की नव्हती.

मग लाल. या बाबतीत गट चांगला चालला. ‘मी’ म्हणजे माझ्यातला फक्त जाणिवेत असलेला भाग, हे पानाने न सांगता धरलं होतं. निर्णय एका क्षणाचा असतो, हेही. मनगट हलवणं आणि वैर सोडून देणं हे एकाच जातीचे निर्णय आहेत, हेसुद्धा.

इथे प्राध्यापक घसरले. लिबेटनेच म्हटलं होतं की जाणीव आल्यावर हालचाल रोखायला थोडा अवकाश उरतो. “म्हणजे इच्छास्वातंत्र्याला जागा आहे,” प्राध्यापक म्हणाले आणि मुलांचे चेहरे खुलले.

सहायक विद्यार्थिनीने थांबवलं. “सर, हे रोखणंही मेंदूतच आधी सुरू होतं असं उद्या कुणी दाखवलं, तर?”

“तर आपण अडकू.”

“मग आपण आपला विश्वास काही मिलिसेकंदांवर उभा करतोय.”

खोलीत शांतता झाली, आणि तिसरा प्रश्न सुटायला तीच कामी आली. त्या दिवशीचा शास्त्रभाग रोमकरांस पत्राचा सातवा अध्याय होता. ठरवून निवडला नव्हता, क्रमाने आला होता. जे इच्छितो ते मी करत नाही, जे नको तेच करतो, असं पौल म्हणतो. आपल्या घरची मालकीण असलेली, मोकळी, सर्वसत्ताधीश इच्छा त्याने कधी गृहीत धरलीच नव्हती. ऑगस्टीन आणि पेलाजियस यांचा वाद, १५२४ मध्ये इरॅस्मसने स्वतंत्र इच्छेच्या बाजूने आणि १५२५ मध्ये लूथरने बंदिस्त इच्छेवर लिहिलेलं, हे सगळं ख्रिस्ती घरातलंच भांडण आहे. इच्छा किती मोकळी, हा प्रश्न मंडळीत विद्युताग्रांच्या कितीतरी आधीपासून आहे आणि त्यावर एकमत झालेलं नाही. ही परंपरा एक मागणी मात्र सोडत नाही: माणूस देवापुढे आणि शेजाऱ्यापुढे उत्तरदायी आहे. पानावरचं शेवटचं वाक्य खटकतं ते त्या ठिकाणी.

शेवटच्या २० मिनिटांत तिने वहीत मधली रेघ मारली नाही. लिहिलं ते असं: ‘मेंदूशिवाय मी इच्छू शकत नाही. हे मला आता त्रास देत नाही. माझा प्रश्न हा की मेंदू आजारी असेल तर पाप कशाला म्हणायचं.’ आधीच्या प्रश्नाहून हा अवघड आहे. विश्वदृष्टी तयार होतेय हे मला या वहीत असंच दिसतं: प्रश्न संपला नाही, नेमका झाला.

बाकीची पानं

वाणिज्यच्या विद्यार्थ्याने उपभोक्त्याच्या वर्तनाचं पान आणलं: माणूस नेहमी स्वतःची उपयुक्तता जास्तीत जास्त करतो. लाल रेघ सोपी होती. अवघड होतं पहिल्या प्रश्नाचं उत्तर, कारण मुलांनी ‘उपयुक्तता’ म्हणजे स्वार्थ असं धरलं आणि अर्थशास्त्राचा एकही शिक्षक त्यावर मान डोलावला नसता. आईने मुलासाठी केलेला त्यागही त्या चौकटीत बसवता येतो, आणि तिच्यावरचा खरा आक्षेप तोच: सगळंच बसवता येतं.

साहित्याच्या मुलीची बैठक सगळ्यांत रंगली, कायद्याची अर्धवट राहिली.

अभियांत्रिकीच्या तिघांपैकी एकाने उष्मागतिकीचं पान आणलं आणि ४० मिनिटं लालखाली काहीच सापडेना. शेवटी कुणीतरी एन्ट्रॉपी, म्हणजे वाढत जाणारी अव्यवस्था, हेच पतन, असा शोध लावला. तो तिथेच खोडावा लागला. सृष्टीत पाप शिरायच्या आधी उष्णता थंडाकडून गरमाकडे वाहत होती, असं पवित्र शास्त्र कुठेही म्हणत नाही. स्विस ईशज्ञानी एमिल ब्रुनर यांचा इथे एक विचार उपयोगी पडतो: विषय माणसाच्या अंतरंगाच्या जितका जवळ, तितका श्रद्धेचा आणि पापाचा परिणाम त्याच्या मांडणीवर जास्त, गणिताकडे जाऊ तसतसा कमी. ख्रिस्ती उष्मागतिकी शोधू नये. अभियंत्याचे प्रश्न चौथ्या प्रश्नाखाली येतात: प्रयोगाच्या वहीत न आलेला आकडा भरायचा का, सुरक्षिततेचा गुणक कुणाच्या जिवावर कमी करायचा. हे उशिरा कळलं, आणि तोवर तिघांपैकी एक गळाला होता.

काय बिघडलं

जीवशास्त्राचा एक विद्यार्थी तीन रंगांच्या पेन्सिली घेऊन वर्गात गेला आणि शिक्षकांना प्रत्येक तासाला गृहीतकं दाखवू लागला. चूक त्याची अर्धीच होती. पेत्राच्या पहिल्या पत्रातलं ३:१५ गट वाचतो ते ‘उत्तर देण्यास सिद्ध असा’ इथपर्यंत. पुढचे सौम्यतेचे आणि आदराचे शब्द वाचतच नाही. त्याला सांगितलं की महिनाभर वर्गात फक्त खरे प्रश्न विचार, म्हणजे ज्यांचं उत्तर तुला माहीत नाही असे. पहिल्या आठवड्यात त्याच्याकडे एकही प्रश्न नव्हता.

तिघातिघांच्या जोडण्या केल्या होत्या, वेगवेगळ्या विषयांच्या, आठवड्यातून एकदा अर्धा तास भेटून एकमेकांसाठी प्रार्थना करायला. परीक्षा जवळ आल्या तशा चारपैकी दोन विस्कटल्या. उरलेल्या दोन टिकल्या कारण त्या रविवारच्या उपासनेनंतर तिथेच भेटत होत्या. नवी वेळ काढायला लावली तर ती पहिल्यांदा बुडते, जुन्या सवयीला टेकवलेली टिकते. स्मिथ यांचं म्हणणं इथे अक्षरशः खरं ठरलं.

सगळ्यांत गंभीर चूक आठव्या बैठकीत झाली. साहित्याच्या विद्यार्थिनीचे वडील त्याच वर्षी वारले होते. तिने विचारलं, “देव होता तेव्हा कुठे?” प्राध्यापकांकडे दुःखाच्या प्रश्नावरचं जुनं टिपण होतं, आणि त्यांनी त्यातला इच्छास्वातंत्र्याचा युक्तिवाद (माणूस मोकळा राहावा म्हणून देव वाईटही घडू देतो) मांडला. युक्तिवादात दोष नव्हता. ती उठून गेली.

प्रश्न युक्तिवाद मागतोय की जखम दाखवतोय, हे आधी विचारायला हवं होतं, आणि विचारायचं तेही गटात नाही, बाजूला. पवित्र शास्त्रात दुःखात बुडालेल्या ईयोबाचे मित्र सात दिवस आणि सात रात्री त्याच्याजवळ जमिनीवर गप्प बसले. बिघडलं ते बोलायला लागल्यावर. पुढच्या शनिवारी टिपण ठेवून दिलं आणि फक्त स्तोत्र ८८ वाचलं. ते अंधार या शब्दावर संपतं, उजेड येत नाही, आणि तरी ते प्रार्थनेच्या पुस्तकात आहे. सहायक विद्यार्थिनी तिच्याकडे जात राहिली, पाळक भेटले. झोप आणि जेवण सुटल्याचं लक्षात आल्यावर तिला विद्यापीठाच्या समुपदेशकांकडे नेलं. हा भाग लेखी नियमात आला: अशी लक्षणं दिसली तर प्रार्थना आणि समुपदेशक दोन्ही, एकाच्या बदल्यात दुसरं नाही.

एका विद्यार्थ्याने नवव्या बैठकीनंतर सांगितलं की तो आता विश्वास ठेवत नाही. गटाने काय करावं यावर गट चालवणाऱ्या दोघांचं दुमत झालं. शेवटी ठरलं ते असं: घरी कळवायचं नाही, मागे लागायचं नाही, मित्रांनी मैत्री तोडायची नाही, आणि त्याचं वहीतलं लिखाण कुणाला दाखवायचं नाही.

मोजमाप

हजेरीवरून फारसं कळत नाही. दुसऱ्या सत्रात १२ पैकी नऊ टिकले, पहिल्यापेक्षा बरं, पण तेवढ्यावरून काही सिद्ध होत नाही. सत्राच्या सुरुवातीला आणि शेवटी प्रत्येकाकडून एकच पान लिहून घेतलं होतं: ‘तुझा विषय माणसाबद्दल काय सांगतो, आणि तू काय मानतोस किंवा मानतेस?’ वाचताना तीनच गोष्टी पाहिल्या. विरोधी म्हणणं त्याच्या बाजूच्या माणसाला पटेल असं मांडलंय का? शास्त्राचा आधार घेतलाय तो संदर्भासकट की एक वचन तोडून? आणि ‘मला माहीत नाही’ असं कुठे लिहिलंय का? सुरुवातीच्या १२ पानांत ही शेवटची गोष्ट एकातही नव्हती. शेवटच्या नऊंपैकी सहांत होती. चौथी गोष्ट पानाबाहेरची: अडलं तर विचारायला आपल्याच विषयातलं, वयाने मोठं, विश्वासातलं एक तरी माणूस आहे का? नऊपैकी पाचांना ते मिळालं.

अनुत्तरित प्रश्नांची एक यादी दर बैठकीत वाढत गेली. सत्र संपलं तेव्हा तिच्यात ११ प्रश्न होते, दोन खोडलेले. पुढच्या सत्राची पहिली बैठक कायद्याच्या विद्यार्थ्याच्या अर्धवट राहिलेल्या पानापासून सुरू करायची ठरलं आहे: शिक्षा बदला घेण्यासाठी, धाक बसवण्यासाठी की माणूस सुधारण्यासाठी, आणि क्षमेला न्यायालयात जागा आहे का. त्यासाठी विश्वासातला एखादा वकील किंवा कायद्याचा शिक्षक हवा आहे. तो मिळेपर्यंत प्राध्यापकांनी त्या विषयावर बोलायचं नाही असं ठरलं आहे. सूचना त्यांचीच होती.